सात नंबरची पडताळणी

पिपेटच्या टोकाला एक थेंब राहिला होता. दोन मायक्रोलिटरचा असेल, मोहरीच्या दाण्याएवढा. यंत्राच्या हाताने तो फ्लास्कवर क्षणभर धरला, मग हात तसाच वर गेला आणि टोक थेंबासकट कचऱ्याच्या डब्यात पडलं.

पडद्यावर हे पाहताना डॉ. कालिंदी दाभाडेचा उजवा अंगठा आपोआप हलला. तीस वर्षांत तिने असा थेंब वाया घालवला नव्हता. टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला हलकेच टेकवायचं, थेंब खाली ओघळतो. हे आपल्याला कोणी शिकवलं ते तिला आठवत नव्हतं. आपण किती जणांना शिकवलं तेही तिने मोजलं नव्हतं. लिहून मात्र कुठेच ठेवलं नव्हतं.

"थेंब सोडला हिने," ती म्हणाली.

"सोडणारच. टेकवा असं कुठे लिहिलंय, मॅडम?" 'खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीखाली बसून इक्बाल तांबोळी भडंग खात होता. पडताळणी केंद्राचा तांत्रिक अधिकारी तो. "लिहा, टेकवेल. नाही लिहिलं, नाही टेकवणार. आत्याबाईंचा कारभार सरळ आहे."

आत्याबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कागदोपत्री ती 'स्वयंचलित प्रयोग-पडताळणी प्रणाली' होती. बसएवढी एक बंद खोली, तिच्यात सहा यांत्रिक हात, पेशी वाढवायची कपाटं, सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरे. प्रबंधातलं 'पद्धती' हे प्रकरण तिला वाचायला दिलं की ती त्याच्या पायऱ्या पाडायची आणि तोच प्रयोग तीन वेळा करून बघायची. जिथे काही लिहिलेलं नसेल तिथे सर्वसाधारण प्रचलित पद्धत वापरायची आणि तशी नोंद ठेवायची. निष्कर्ष अमुकच यावा अशी तिला आशा नसायची, आणि मार्गदर्शक कोण आहे हे तिला ठाऊक नसायचं.

अशी यंत्रं गेल्या चार वर्षांत बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आली होती. नव्या प्रबंधांना पडताळणी सक्तीची होती. जुने शोधनिबंध लेखकाने आपणहून पाठवायचे होते. पाठवलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे यंत्राच्या कसोटीला उतरले नव्हते. त्यांतला खोटेपणा फार थोडा होता. बहुतेक ठिकाणी केलेल्यात आणि लिहिलेल्यात अंतर पडलेलं होतं. पण लोकांना तो फरक कोण समजावणार? कालिंदीच्या ओळखीच्या एका प्राध्यापकाने निवृत्तीला सहा महिने उरले असताना राजीनामा दिला होता. दोन जिवलग वर्गमित्र एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नव्हते, कारण जोडीने लिहिलेला निबंध एकाने दुसऱ्याला न विचारता यंत्राकडे पाठवला होता.

कालिंदीच्या संगणकावरही दर महिन्याला एक चौकट उघडायची. तिच्या अकरा वर्षांपूर्वीच्या निबंधाचं नाव, आणि खाली तीन पर्याय: 'पडताळणीसाठी पाठवा', 'मागे घ्या', 'नंतर आठवण करा'. गेली दोन वर्षं ती तिसरा पर्याय निवडत आली होती.

आता त्याच निबंधावर उभा असलेला तिच्या विद्यार्थिनीचा प्रबंध आत्याबाईच्या हातात होता. आज तिसरी आणि शेवटची फेरी संपत होती.

पडद्यावर आकडे आले. औषध न दिलेल्या शंभर पेशींपैकी जगलेल्या एकतीस. औषध दिलेल्यांपैकी बत्तीस.

तांबोळीने भडंगाची पुडी बाजूला ठेवली. "सॉरी, मॅडम."

*

औषध म्हणजे 'सात नंबर'. काळ्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्या एका रानटी भावंडापासून कालिंदीने तो वेगळा केला होता. दगडफूल ही एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी खडकावर मांडलेला एकत्र संसार. उघड्या खडकावर ऊन-पाऊस सोसून ते वर्षानुवर्षं टिकतं, तेव्हा त्यात काहीतरी राखण करणारं असणार, असा तिचा तर्क होता. अर्काचे बारा भाग केले, त्यातला सातवा लागू पडला. चेतापेशींसारख्या वागणाऱ्या पेशींना सात नंबर एक दिवस आधी दिला आणि मग विषारी पेरॉक्साइडचा धक्का दिला, तर शंभरातल्या ऐंशी वाचायच्या. एरवी तीस. तिने त्या रेणूची रचना काढली, तो पेशीत कुठे जाऊन बसत असावा याचं चित्र काढलं, आणि निबंध गाजला. परदेशातल्या दोन प्रयोगशाळा त्यावर पुढचं काम करत होत्या.

प्रणोती वाघचौरे संगमनेरहून एम.एस्सी. करून आली ती याच कामावर. त्याला सहा वर्षं झाली. तिने मूळ प्रयोग बारा वेळा केला. तीनदा आला, नऊदा आला नाही. अधूनमधून येणारा प्रयोग म्हटला की अनुभवी माणूस आधी हाताकडे बघतो. पेशी नाजूक असतात, पिपेट जोरात दाबली तरी मरतात. कालिंदीने लागोपाठ तीन वार्षिक अहवालांत एकच शेरा लिहिला होता: 'विद्यार्थिनी कष्टाळू आहे, हात अजून बसलेला नाही.'

पुढच्या गुरुवारी संशोधन समितीची बैठक होती. तिन्ही फेऱ्या फसल्यावर नियम साधा होता: मार्गदर्शकाने कारण सांगायचं. दोष विद्यार्थिनीच्या कामात असेल तर नोंदणी रद्द, हातात एक प्रमाणपत्र आणि सहा वर्षांना रामराम. दोष मूळ निबंधात असेल तर तो मार्गदर्शकाने कबूल करायचा.

कालिंदी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आली.

प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीला दगडी, रुंद कट्टा होता. त्या कट्ट्यावरूनच या प्रयोगशाळेचा दिवस सुरू व्हायचा. पेशींचं खाद्य, ज्याला सगळे माध्यम म्हणत, ते फ्रिजमधून काढलं की गार असतं. औषधही आधीच त्यात विरघळवलेलं असायचं. इतर ठिकाणी बाटल्या कोमट पाण्याच्या टाकीत ठेवतात. इथेही एक टाकी होती, पण बारा वर्षांपूर्वी तिच्यातून बुरशी पसरली आणि तीन महिन्यांच्या पेशी मेल्या. कालिंदीने टाकी भंगारात काढली आणि फर्मान सोडलं: बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन तास ठेवायच्या, आपोआप गरम होतात. तेव्हापासून सकाळी जो पहिला येईल तो बाटल्या बसवायचा. 'बाटल्या बसवल्या का?' हा इथला नमस्कार होता. निबंधात मात्र एवढंच छापलं होतं: 'माध्यम खोलीच्या तापमानाला आणून.'

प्रणोती सूक्ष्मदर्शकापाशी होती. कोपऱ्यातल्या सिंकवर कुसुमताई काचसामान धूत होत्या. त्यांची नोकरी कालिंदीपेक्षा दोन वर्षांनी जुनी.

"काय आलं?" प्रणोतीने वळून विचारलं.

"एकतीस आणि बत्तीस."

"तिन्ही वेळा तेवढंच?"

"तेवढंच."

आता ही रडेल, असं कालिंदीला वाटलं. प्रणोतीने हातमोजे काढले आणि ती चक्क हसली. "म्हणजे आत्याबाईंचाही हात बसलेला नाही तर."

"प्रणोती..."

"नाही मॅडम, आज बोलू द्या. तीन वर्षं तो शेरा वाचतेय. खाली माझीच सही घेता तुम्ही. सुट्टीत घरी गेले तरी चहा ओतताना मी हाताकडे बघते. आई म्हणाली, काय झालंय गं हाताला, दाखव बघू."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"हात तर हिचाच धड आहे," कुसुमताई म्हणाल्या. "बाकीची पोरं बाटल्या चिकट करून आणतात. हिची बाटली धुवायला नको. फकस्त तो चांदीचा कागद तेवढा! रोज सोलत बसते मी, कणीस सोलल्यासारखी."

"कुठला कागद?"

"फॉइल, मॅडम," प्रणोती म्हणाली. "माध्यम उजेडात खराब होतं ना. आमचे कॉलेजचे सर फार कडक होते त्याबाबतीत. इथे दोन तास खिडकीत ठेवायचं म्हटल्यावर मी पहिल्या दिवसापासून गुंडाळूनच ठेवते. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," कालिंदी सावकाश म्हणाली. "पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर आहे. मी कधी पाहिलं कसं नाही?"

"तुम्ही साडेअकराला येता. तोवर बाटल्या आत गेलेल्या असतात."

खरं होतं. समित्या वाढल्या तशी कालिंदीची सकाळ प्रयोगशाळेतून उठून सभागृहात गेली होती. तिने जवळचं स्टूल ओढलं आणि बसली. खाली पडद्यावर वाचलेली एक ओळ तिला आता वेगळी दिसायला लागली. आत्याबाईची चौथी पायरी: 'माध्यम खोलीच्या तापमानाला आणणे. रीत नमूद नाही. धातूच्या ठोकळ्यावर, अकरा मिनिटे, अंधारात.' अंधारात का, असं तिने तांबोळीला सहज विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "तिला दिवा कशाला? तिचे कॅमेरे उष्णतेवर बघतात. आत मिट्ट काळोख असतो."

"तुझी वही काढ," कालिंदी म्हणाली. "ते तीन प्रयोग, जे आले. त्या दिवशी बाटल्या कोणी बसवल्या?"

प्रणोतीची वही म्हणजे वही होती. तारीख, तास, खोलीचं तापमान, बाटल्या कोणी बसवल्या, सगळं. तिने पहिलं पान उघडलं आणि तिचं बोट थांबलं. दुसरं उघडलं. तिसरं.

"कुसुमताईंनी," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. आईचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात दोनदा, आणि एकदा माझी बस बंद पडली होती. यायला उशीर होणार म्हणून मी फोन करून सांगितलं होतं, तेवढ्या बाटल्या बसवा."

"आणि कुसुमताई, तुम्ही कागद...?"

"मी कशाला गुंडाळू? मला काय कुणी सांगितलंय?" कुसुमताई एकदम सावध झाल्या. "माझ्यामुळं बिघडलं का काय?"

"बिघडलं नाही. तीनदा आलं, ते तुमच्यामुळेच आलं असेल," कालिंदी म्हणाली.

काही रेणू उजेड पितात. निळ्या-जांभळ्या किरणांची ऊर्जा आत घेतली की त्यांच्या अंगातला एखादा बंध तुटतो, वर्तुळ उघडतं, आणि तेच अणू वेगळी मांडणी करून वेगळा पदार्थ होतात. दगडफुलातले कितीतरी पदार्थ असे असतात. उन्हापासून राखण करणं हेच त्यांचं काम. सात नंबर माध्यमात विरघळवून बाटली पूर्वेच्या खिडकीत दोन तास ठेवली, तर पेशींपर्यंत जे पोचत होतं ते सात नंबर नसून त्याचं काहीतरी झालेलं होतं. अकरा वर्षं तो बदल त्या दगडी कट्ट्यावर रोज सकाळी घडत होता आणि कोणी बघत नव्हतं. माध्यमात आम्लता दाखवणारा गुलाबी सूचक रंग असतो, त्यामुळे रंगही बदललेला दिसत नव्हता.

फक्त एका मुलीने बाटल्यांवर कागद गुंडाळला, कारण ती बाकीच्यांपेक्षा जास्त काळजीने काम करायची.

"उद्याच करून बघू," कालिंदी म्हणाली. "कर तू."

"मी नाही करणार," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मी केलं आणि नाही आलं, तर परत हात."

"मग मी करते."

"तुम्ही केलं आणि आलं, तर तुम्हाला यायलाच हवं होतं म्हणून आलं असं कोणीही म्हणेल."

कालिंदीने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या मुलीला आपण जे शिकवलं ते हिने शब्दन् शब्द घेतलं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. "मग हात माझे, आणि कुठली बाटली कुठली ते तुलाही माहीत नको, मलाही नको. कुसुमताई, चिठ्ठ्या तुम्ही लावायच्या."

"मला ते इंग्रजी नंबर नाही जमायचे."

"तुम्हाला हवी ती नावं द्या."

*

शनिवारी सकाळी साडेसातला कट्ट्यावर चार बाटल्या बसल्या. दोन बाटल्यांत सात नंबर, दोन बाटल्यांत नुसतं माध्यम. प्रत्येक जोडीतली एक फॉइलमध्ये, एक उघडी. दोन तासांनी कुसुमताईंनी कालिंदी आणि प्रणोतीला बाहेर काढलं, दार लावलं, कागद सोलले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. कालिंदी आत आली तेव्हा भेंडी, गवार, दोडका आणि कारलं अशा चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. कोण कोण ते लिहिलेला कागद कुसुमताईंनी घडी करून कमरेच्या पिशवीत टाकला होता.

"सोमवारपर्यंत मी कुणाला सांगायची नाही," त्या म्हणाल्या. "मालकाला बी नाही."

कालिंदी पेशींवर काम करायच्या जंतुरहित कपाटासमोर बसली. पाच वर्षांनी पिपेट हातात घेत होती. प्रणोती मागे हाताची घडी घालून उभी होती.

"मॅडम, थेंब."

टोकाला थेंब राहिला होता. कालिंदीने तो भिंतीला टेकवला.

"होतं असं," प्रणोती म्हणाली. "घाई नका करू." आणि मग दोघींना एकदमच हसू आलं, पण दोघींनी ते आवरलं.

रविवारी पेशींना पेरॉक्साइडचा धक्का दिला. सोमवारी दुपारी मोजणी. मेलेली पेशी निळा रंग आत घेते, जिवंत पेशी तो बाहेर ठेवते. तेव्हा मोजायचं काम म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांची शिरगणती. एकदा कालिंदीने मोजायचं, एकदा प्रणोतीने, आकडे वेगवेगळ्या कागदांवर.

मोजायला बसण्यापूर्वी कालिंदीने चष्मा दोनदा पुसला. गेल्या दोन वर्षांत तिला खरी भीती वाटत होती ती नाव जाण्याची नव्हती. त्या वेळी ती एकटी मोजत होती, आणि आकडा ऐंशी यावा अशी तिची फार इच्छा होती. माणूस काठावरच्या ठिपक्याला निळा म्हणू शकतो किंवा पांढरा. नकळत, प्रत्येक वेळी थोडंथोडं. आपण तसं तर केलं नव्हतं ना? चौकट उघडली की हाच प्रश्न समोर यायचा आणि ती 'नंतर' म्हणायची.

भेंडी: तीस. गवार: एकोणतीस. दोडका मोजताना तिचा हात मोजणीच्या कळीवर चालतच राहिला. पांढरे, पांढरे, पांढरे. एक्क्याऐंशी. कारलं: तेहेतीस.

प्रणोतीचे आकडे दोन-तीनने इकडेतिकडे, पण दोडका ऐंशी.

"कुसुमताई, काढा कागद."

कुसुमताईंनी हात पदराला पुसले आणि परीक्षेचा निकाल वाचावा तशा वाचायला लागल्या. "भेंडी, साधं, कागदातलं. गवार, सात नंबर, कागदातलं. कारलं, साधं, उघडं. आणि दोडका..." त्यांनी मुद्दाम दम खाल्ला. "दोडका, सात नंबर, उघडं. उजेडातलं!"

प्रणोती भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकली आणि फरशीवरच बसली. "माझा हात ठीक आहे," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "गवार बघा ना, मॅडम. तुमच्या हातानेसुद्धा एकोणतीसच."

"माझ्या हातानेसुद्धा," कालिंदी म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वीचे ऐंशी खरोखर ऐंशी होते. कारण चुकलं होतं. डोळ्यांनी जे पाहिलं ते होतं तसं होतं. तिला एकदम भूक लागली. कुसुमताईंच्या डब्यातली उरलेली चपाती तिघींनी उभ्या उभ्या खाल्ली.

*

मंगळवारी तांबोळीने सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

"मग सोपं आहे, मॅडम! पद्धतीत एक ओळ घाला. 'माध्यम दोन तास काचेआडच्या उजेडात ठेवावे.' आत एक दिवा आहे, दुरुस्तीच्या वेळेचा. आज विशेष फेरी लावतो, गुरुवारी सकाळी निकाल. प्रबंधाला हिरवा शिक्का. आणि त्याच ओळीवर तुमच्या जुन्या निबंधालाही हिरवा शिक्का. कोणाला काही विचारायचं कारण नाही, कोणाला काही सांगायचं कारण नाही."

"फेरी लावा," कालिंदी म्हणाली.

"आणि निबंध? तोही टाकू?"

"बघू."

ती खोलीत परत आली. सगळं खरंच सोपं होतं. एक ओळ. त्या ओळीत काही खोटंही नव्हतं. पण निबंधाचं शीर्षक म्हणत होतं की सात नंबर पेशींना वाचवतो. त्यात सात नंबरची रचना छापली होती, तो पेशीत कुठे बसतो त्याचं सुंदर रंगीत चित्र छापलं होतं. तो कुठेच बसत नव्हता. परदेशातल्या त्या दोन प्रयोगशाळा सात नंबर रसायनशाळेत तयार करून, उजेड लागू नये म्हणून तपकिरी बाटल्यांत ठेवून वापरत असणार. गेल्या दीड वर्षात तिथून काही कळलं नव्हतं. तिथेही एखादी मुलगी असेल. तिच्या अहवालात तिच्या भाषेत कोणीतरी तोच शेरा लिहीत असेल.

संध्याकाळी निघताना प्रणोती दारात थांबली. "मॅडम, गुरुवारी काय सांगणार तुम्ही?"

"बघू," कालिंदी म्हणाली, आणि हा शब्द दिवसात दुसऱ्यांदा आपल्या तोंडून आला हे तिला ऐकू आलं. प्रणोतीलाही आलं असावं. तिने मान हलवली आणि ती गेली.

*

गुरुवारी अकराला समितीच्या खोलीत पाच जण होते. अध्यक्ष डॉ. रणदिवे कालिंदीचे जुने सहकारी. बिस्किटांची बशी स्वतः सगळ्यांपुढे फिरवायची त्यांना सवय होती. टेबलाच्या टोकाला प्रणोती बसली होती. दोन्ही हात तिने टेबलाखाली ठेवले होते.

"सकाळचा निकाल आलाय," रणदिवे म्हणाले. "उजेडाची ओळ घातल्यावर औषधाविना बत्तीस, औषधासह एकोणऐंशी. तिन्ही चाचण्यांत. अभिनंदन, वाघचौरे! मिटलं म्हणायचं. कालिंदी, घाबरवलंस तू आम्हाला."

सगळे हसले. प्रणोतीही हसली, कालिंदीकडे बघत.

"आता नोंद कशी करायची एवढंच," रणदिवे पुढे म्हणाले. त्यांनी जुने अहवाल उघडले. "मार्गदर्शकांचे शेरे आहेतच. हात बसलेला नाही, हात बसलेला नाही, हात बसलेला नाही. चांगलं सुसंगत आहे. मग असं लिहू: विद्यार्थिनीच्या पद्धती-लेखनात त्रुटी होती, ती मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली दुरुस्त केली. प्रबंध मान्य. चालेल ना सगळ्यांना? वाघचौरे, तुम्हाला?"

"चालेल, सर," प्रणोती म्हणाली. टेबलाखालचे हात तिथेच राहिले.

कागद कालिंदीपुढे आला. सहीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवली होती. सही केली तर मुलीला पदवी मिळत होती, निबंधालाही शिक्का मिळू शकत होता, आणि ही खोली दहा मिनिटांत रिकामी होत होती. फक्त त्या मुलीच्या नावापुढे एक वाक्य कायमचं राहणार होतं, आणि ते वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

कालिंदीने पेन खाली ठेवलं.

"सर, हे असं नाही लिहिता येणार."

"का बरं?"

"त्रुटी तिच्या लेखनात नाही. 'माध्यम खोलीच्या तापमानाला आणून' हे वाक्य तिने माझ्या निबंधातून घेतलं, आणि त्यात जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. तिने नियमाप्रमाणे बाटल्या झाकल्या, म्हणून तिचा प्रयोग आला नाही, म्हणून हे सापडलं. तिची वही नसती तर आजही सापडलं नसतं." तिने जुन्या अहवालांकडे बोट केलं. "आणि ते तीन शेरे मी लिहिलेत. तिन्ही चूक आहेत. नोंदीत तसं घाला. हिचा हात या विभागातला सगळ्यात चांगला हात आहे."

रणदिव्यांनी बशी बाजूला सरकवली.

"ठीक आहे, शेरे बदलू. पण मग निबंधात एक खुलासा दे आणि सोडून दे ना. एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं नाही, सर. सात नंबर स्वतः काहीच करत नाही. उजेडात त्याचं जे होतं, ते करतं. ते काय आहे हे मला अजून माहीत नाही. ते शोधायचं काम पुढे आहे, आणि त्या नव्या निबंधावर पहिलं नाव हिचं असेल. पण जुन्या निबंधाचं शीर्षक, रचना, ते चित्र, सगळं चुकीच्या रेणूचं आहे. लोक त्यावर वर्षं घालवताहेत."

"कालिंदी," रणदिवे हळू आवाजात म्हणाले, "याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुला?"

टेबलाच्या टोकाशी प्रणोतीचे हात वर आले होते. तिने ते टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवले होते.

"कळतंय," कालिंदी म्हणाली. "दोन वर्षं कळतंय. माझा तो निबंध मी मागे घेते आहे."